अंदमानात दिसलेले पक्षी ओळखायला मदत करा (फोटो धुरकट आहेत, हसू नका)

गोदाकाठ

नमस्कार मंडळी. आम्ही नांदेडची माणसं, सासू-सासरे, पोरं, नणंद आणि तिचे मालक असा सगळा लवाजमा घेऊन डिसेंबरात अंदमानला जाऊन आलो. मूळ हट्ट सासऱ्यांचा, त्यांना सेल्युलर जेल बघायचं होतं, बाकीच्यांना समुद्र. पक्ष्यांचं कुणाच्या डोक्यात पण नव्हतं. पण पोर्ट ब्लेअरला उतरल्यावर (आता श्री विजयपुरम, पण तोंडात जुनंच बसलंय) हॉटेलच्या समोर तारेवर पांढऱ्याफेक मैनांचा थवा बघितला आणि धाकट्यानं विचारलं आई ह्या आजारी आहेत का, तिथून जे लागलं ते परत येईपर्यंत सुटलं नाही.

तर वर्णन देते, फोटो खाली जोडलेत. मैना आपल्या साळुंकीएवढी, डोकं आणि पोट पांढरं, पंख काळे, चोच पिवळी. हॅवलॉक बेटाच्या बीचवर एक खंड्या, पण त्याला आपल्या खंड्यासारखं विटकरी डोकं-पोट काहीच नाही, वरून निळा-हिरवा, खालून पांढरा आणि मानेला पांढरी पट्टी. तिथंच ओहोटीला खडकावर एक पाटीच्या दगडाच्या रंगाचा बगळा एकटाच उभा आणि थोड्या अंतरावर तसाच एक पांढरा. नील बेटावर रस्त्याच्या कडेच्या झुडपात भारद्वाज दिसला, म्हणजे मला वाटायलं भारद्वाज, पंख तसेच तांबूस, पण आपला काळाकुट्ट असतो आणि हा मातकट, डोक्यापासून पोटापर्यंत. संध्याकाळी डोक्यावरून पोपट जायचे, एक जोडी नारळावर बसली तेव्हा दिसलं की गाल लालभडक आणि शेपूट लांबच लांब. चिडिया टापूला एक मोठ्ठा सुतार, पूर्ण काळा, तुरा लाल, त्याचा फक्त हललेला व्हिडिओ आहे. आणि पोर्ट ब्लेअरच्या बाहेर एका दलदलीच्या कडेला वाळलेल्या झाडावर गडद तपकिरी ससाणा की गरुड की काय ते.

मोबाईलमधल्या मर्लिन ॲपला मैनेचा फोटो दाखवला तर ते भांगपाडी मैना म्हणतंय. भांगपाडी आमच्या अंगणात रोज येते हो, ही ती नाही एवढं मला पण कळतंय.

कोरडवाहू

ताई फोटो ३ मध्ये बगळा कुठाय? मला निस्ता खडक दिसायलाय.

गोदाकाठ

खडकाच्या उजव्या बाजूचं जे टोक आहे ना, तो बगळा. झूम करा.

कोरडवाहू

केला. आता दोन खडक दिसायलेत 😀

नाथसागर

फोटो पुरेसे आहेत ताई, आणि वर्णन तर फोटोपेक्षा चांगलं केलंय. एकेक बघू.

आधी ॲपचं. मर्लिनला जागा कुठली सांगितली होती ते तपासा. तिथं नेट नसणार, म्हणून त्यानं शेवटची जागा धरली असेल, म्हणजे नांदेड. नांदेडात पांढुरकी मैना म्हटलं की ते बिचारं भांगपाडीच सांगणार. जागा अंदमान टाकून तोच फोटो परत द्या, बघा काय म्हणतंय.

आणि हेच माणसालाही लागू आहे. आपण नवीन पक्षी बघितला की डोकं लगेच गावाकडं पळतं, आपल्याकडं याच्यासारखं काय आहे ते शोधतं. बेटावर हा उद्योग उलटा करायचा. आधी विचारायचं की ह्या बेटावर कोण राहतं, मग त्या यादीतून खोडत यायचं. बेटाची यादी छोटी असते, हा मोठा फायदा. अंदमान कधीच आपल्या मुख्य भूमीला जोडलेलं नव्हतं, ती सगळी रांग म्हणजे म्यानमारच्या आराकान डोंगराचं समुद्रात बुडालेलं शेपूट. त्यामुळं समुद्र ओलांडून जे पोचले तेच तिथं, बाकीचे नाहीतच. सातभाई नाहीत, तांबट नाही, गिधाडं नाहीत. सुतार तर दोनच जातीचे. आणि जे पोचले ते तिथं एकटे राहून राहून वेगळे झाले. अंदमान-निकोबार मिळून वीसच्या वर जाती अशा आहेत की जगात दुसरीकडं कुठंच नाहीत.

आता तुमचे. मैना म्हणजे पांढऱ्या डोक्याची मैना, तिकडचीच, पाठ जरा राखाडी असते आणि पाय पण पिवळे, बघा फोटोत दिसतायत. आजारी नाही, पोराला सांगा 🙂 तिच्याबरोबर साळुंकी पण दिसली असेल तर ती मात्र माणसानं नेऊन सोडलेली.

खंड्या म्हणजे कॉलरवाला खंड्या. हा फक्त अंदमानचा नाही, सुंदरबनातही आहे, खारफुटी आणि किनारा हे त्याचं घर. आपला विटकरी डोक्याचा खंड्या पण अंदमानात आहे, म्हणून दोघांत गोंधळ होतो. कुठं जरासुद्धा चॉकलेटी दिसलं नाही आणि मानेला पट्टा पूर्ण फिरलाय म्हणजे विषय संपला.

बगळे दोन्ही एकच! तो रीफ बगळा, पॅसिफिकवाला. त्याच्यात एक गडद राखाडी आणि एक पांढरा असे दोन रंग असतात, जोडी पण मिसळून लावतात. पांढऱ्याला लोक गायबगळा किंवा छोटा बगळा समजून सोडून देतात. पाय आखूड, चोच जाड आणि लाटेच्या तोंडावर खडकावर दबा धरून बसणं हे लक्षात ठेवायचं.

भारद्वाज तुम्ही बरोबर ओळखला, तो अंदमानी भारद्वाज. अंदमान आणि त्याच्या वरची म्यानमारच्या ताब्यातली कोको बेटं, बस्स एवढ्यातच. आणि काळा सुतार म्हणजे अंदमानी सुतार, हा व्हिडिओ हलू द्या नाहीतर उलटा होऊ द्या, तिथं एवढा मोठा काळा लाल तुऱ्याचा दुसरा कुणी नाहीच, त्यामुळं शंभर टक्के.

पोपट आणि गरुड यांच्यावर जेवण करून लिहितो.

ज्वारीचं_कणीस

सर जेवायला गेले तोवर पोपटाचं मी सांगते. लाल गाल म्हणजे लांब शेपटीचा पोपट, नराची वरची चोच पण लाल असते. तिथं अजून करण पोपट आहेत, आणि छातीला गुलाबी आणि गालावर काळी मिशी असलेले पण आहेत, ते पोर्ट ब्लेअरमध्येच बक्कळ दिसतात. आम्ही गेलो तेव्हा बाराटांगजवळच्या पॅरट आयलंडला संध्याकाळी बोटीनं नेलं होतं, सगळे पोपट एका छोट्या खारफुटीच्या बेटावर झोपायला येतात, बघण्यासारखं आहे पण आवाज एवढा की बोटवाला काय सांगायला ते ऐकू येत नव्हतं.

माझा पण एक प्रश्न यात घुसवते, रागवू नका. मला तिथं हळद्या दिसला, पण डोळ्यातून जाणारी काळी पट्टी मागं डोक्यावर जाऊन जोडलेली होती. आमच्या परभणीत कृषी विद्यापीठात जो येतो त्याची पट्टी डोळ्याच्या जरा मागंच संपते. हा वेगळा का?

नाथसागर

वेगळा. काळ्या मानेचा हळद्या, अंदमानात कायम राहणारा. तुम्ही पट्टी बघितली हे भारी केलं, नव्वद टक्के लोक पिवळा रंग बघूनच खूष होतात.

पोपटाचं उत्तर बरोबर. गंमत म्हणून सांगतो, अंदमानातल्या त्या लाल गालाच्या पोपटाच्या शास्त्रीय नावात शेवटी टिटलेरी आहे. रॉबर्ट टिटलर म्हणून इंग्रज अधिकारी होता, १८६२ ते १८६४ पोर्ट ब्लेअरच्या कैद्यांच्या वसाहतीचा सुपरिंटेंडेंट. सेल्युलर जेल तेव्हा नव्हतंच, ते १८९६ ला बांधायला घेतलं आणि १९०६ ला पुरं झालं. टिटलरच्या काळात सत्तावनच्या बंडातले कैदी तिथं उघड्यावर जंगल तोडायलेत, मरायलेत, आणि साहेब फावल्या वेळात पक्षी गोळा करायलेत. अंदमानी टकाचोराचं पहिलं वर्णन १८६३ सालचं, ते त्याचंच. ज्याला आधी माउंट हॅरिएट म्हणायचे तो डोंगर त्याच्या बायकोच्या नावाचा, २०२१ ला नाव बदलून माउंट मणिपूर केलं. तुमच्या सासऱ्यांना हे सांगा ताई, त्यांना आवडेल, किंवा राग येईल, दोन्ही बरोबरच आहे.

गोदाकाठ

आत्ताच वाचून दाखवलं, दोन्ही झालं. "पाखरं मोजायला वेळ होता साहेबाला" म्हणाले आणि टीव्ही लावला.

जागा अंदमान टाकून मैनेचा फोटो परत दिला, पहिल्या झटक्यात बरोबर नाव आलं. थँक्यू सर. गरुडाचं राहिलंय पण.

उदगीरचा_पाव्हणा

आमचे काका गेल्या वर्षी हॅवलॉकला गेले होते ते छातीठोक सांगतेत की तिथल्या उंच झाडावर धनेश बघितला. मोठा पक्षी, उंच फांदीत, पंखांचा आवाज आला म्हणे फडफड. इंटरनेटवर पण अंदमानचा धनेश म्हणून फोटो येतेत. तर काका बरोबर का चूक, पैज लागलेली आहे, मटणाची.

नाथसागर

पाव्हणं, मटण काकांकडून घ्या.

इंटरनेटवरचा फोटो खरा आहे, पण तो नारकोंडमचा धनेश. उत्तर अंदमानच्या पूर्वेला समुद्रात एकटं उभं असलेलं बेट, ज्वालामुखीचं, जेमतेम सात चौरस किलोमीटर, मधला सुळका सातशे मीटरच्या वर. जगातले सगळे नारकोंडम धनेश त्या एका बेटावर राहतात. पोलीस चौकी सोडली तर तिथं वस्ती नाही, टुरिस्ट सहसा तिथं पोचत नाहीत. तिथं तटरक्षक दलाचं रडार बसवायचा प्रस्ताव होता, या धनेशाखातर २०१२ ला पर्यावरण मंत्रालयानं नाही म्हटलं, पुढं २०१४ ला हो म्हटलं. बाकीच्या अंदमानात, म्हणजे हॅवलॉक, नील, पोर्ट ब्लेअर, बाराटांग, कुठंही धनेश नाही. एकही जात नाही.

मग काकांनी काय बघितलं? माझा अंदाज हिरवं इंपीरियल कबूतर. काकांना नाव सांगितलं तर म्हणतील कबूतर काय एवढं मोठं असतं का. असतं. आपल्या पारव्याच्या दीडपट, वरून हिरवट झळाळीचं, डोकं-पोट राखाडी, उंच झाडावर फळं खात बसतं, आणि घुमतं तेव्हा आवाज लांबून येतो. पानांतून अचानक उठलं की फडफड दणकून होते. काकांना फक्त एक विचारा, चोच दिसली का. धनेश बघितलेला माणूस आधी चोच सांगतो, पंखांचा आवाज नंतर.

उदगीरचा_पाव्हणा

विचारलं. चोच झाडामागं होती म्हणाले.

कोरडवाहू

😂😂 काकांना इलेक्शनला उभं करा.

दुपारची_झोप

मी जरा वेगळं बोलतो. एवढा खर्च करून माणूस समुद्र बघायला जातो, त्यात बुडायचं सोडून ह्या पक्ष्याची शेपूट किती न त्या पक्ष्याचा गाल कसा, कशाला हवंय? नाव कळलं नाही म्हणून पक्षी कमी सुंदर होतो का? आमच्या ग्रुपमध्ये एक जण असाच, बोटीत पण दुर्बीण, फोटो काढायच्या वेळी हा गायब.

ज्वारीचं_कणीस

दादा तुमचं अर्धं बरोबर आहे, ग्रुप फोटोत गायब राहू नये 🙂 पण माझं उलटं झालं. नाव माहीत नव्हतं तोवर मला तिकडं सगळं "हिरवं आणि पोपट" दिसत होतं. चार नावं कळली आणि मग एकदम दिसायला लागलं की कोतवालांच्या मागं मागं टकाचोर फिरायलेत, खाली पानातून किडे उठले की सगळे मिळून खायलेत, एक थवा गेला की जंगल पुन्हा सामसूम. आधी पण ते तसंच होत असणार, मलाच दिसत नव्हतं. आणि पोरांना गुंतवायला तर याच्याएवढं स्वस्त काही नाही, मोबाईल मागत नाहीत.

गोदाकाठ

हे पोरांचं खरंय. धाकट्यानं वहीत सगळे काढलेत, सुताराचा तुरा रंगवता रंगवता लाल स्केचपेन संपवला.

बालाघाट

गरुडाचा फोटो बघितला, नाथसागर सर यायच्या आधी माझं मत टाकतो. अंदमानी सर्पगरुड. पूर्ण गडद चॉकलेटी, डोळ्याच्या पुढं पिवळं कातडं, पाय पिवळे, पोटावर बारीक पांढरे ठिपके असल्यासारखं वाटतंय. तिथला खास पक्षी आहे, ताईंना लॉटरी लागली.

नाथसागर

बालाघाट, सर्पगरुड यावर सहमत. पुढचं मात्र सावकाश. अंदमानात सर्पगरुड दोन आहेत. एक तुम्ही म्हणता तो गडद, दुसरा आपल्या इकडच्या तुरेवाल्या सर्पगरुडाचाच तिकडचा भाऊ, तो फिकट, पोट बदामी. गडदवाला आतल्या जंगलात जास्त, फिकटवाला किनारा आणि खारफुटीकडं जास्त. ताईंचा पक्षी दलदलीच्या कडेला बसलाय, म्हणजे जागा दुसऱ्याची आणि रंग पहिल्याचा. त्यात फोटो उन्हाच्या विरुद्ध बाजूनं काढलाय, तसा काढला तर पांढरा बगळा पण चॉकलेटी येईल.

बालाघाट

सर पण जंगल तिथून किती लांब आहे? दक्षिण अंदमानात कुठंही उभं राहा, मागं डोंगर आणि जंगल असतंच. मोकळ्या जागेच्या कडेला येऊन बसतो की तो. मी फोटोचा ब्राइटनेस वाढवून बघितला, पोट तरी गडदच राहिलं.

नाथसागर

ब्राइटनेस वाढवून पोटाचा रंग ठरवणं मला पटत नाही. ताई, तो उडाला का? वरून गेला असेल तर पंखांखाली रुंद पांढरा पट्टा दिसला का? आणि दुसरा फोटो आहे का, बाजूनं काढलेला?

गोदाकाठ

उडाला नाही सर, आम्हीच गेलो, ड्रायव्हर हॉर्न वाजवायला होता. नणंदेच्या मालकांच्या मोबाईलमध्ये एक आहे म्हणतात, पण त्यात गरुडापुढं तेच उभे आहेत.

ज्वारीचं_कणीस

समुद्री गरुडाचं पिल्लू नसेल ना? पांढऱ्या पोटाचा मोठा असतो पण त्याची तरणी पिल्लं तपकिरीच असतात.

नाथसागर

चांगला प्रश्न, तो विचार करायलाच पाहिजे. पण समुद्री गरुड फारच मोठा, त्या वाळक्या फांदीवर मावला नसता, आणि चोच जबर असते. डोळ्यापुढचं पिवळं कातडं सर्पगरुडाकडंच नेतं. मी "सर्पगरुड, जात नक्की नाही" एवढंच लिहून ठेवीन. बालाघाट गडदवाला लिहितील, त्यांची वही वेगळी.

बालाघाट

लिहिला पण 😎

ताडकळस_एक्सप्रेस

ती दलदल कुठली? सिप्पीघाट का? आम्हाला टॅक्सीवाल्यानं सांगितलं की तिथं आधी शेती होती.

नाथसागर

हो, वर्णनावरून सिप्पीघाटच वाटतंय. टॅक्सीवाला खरं बोलला. २६ डिसेंबर २००४ च्या भूकंपात उत्तर अंदमान वर उचललं गेलं आणि पोर्ट ब्लेअरकडची जमीन खाली बसली. त्सुनामीचं पाणी आलं आणि गेलं, पण खाली बसलेल्या जमिनीत भरतीचं खारं पाणी येतच राहिलं. भाताची शेतं, नारळ, सुपारी, सगळं मेलं. ताईंच्या फोटोतलं वाळलेलं झाड त्यातलंच असू शकतं. माणसांचं नुकसान झालं ते झालंच, पण पाणपक्ष्यांना आयती जागा मिळाली, बगळे, तुतारी, हिवाळ्यात लांबून येणारे चिखलपक्षी सगळे तिथं. डोळ्याभोवती पांढरा चष्मा घातल्यासारखं एक तपकिरी बदक दिसलं असेल तर ते अंदमानी बदक, ते पण तिथलंच.

आपल्याकडं जायकवाडीचं असंच आहे. धरणात गावं गेली, जमिनी गेल्या, १९८६ ला त्याच पाण्याचं पक्षी अभयारण्य झालं. पैठणच्या बाजूला ज्यांची गावं बुडाली त्या म्हाताऱ्या माणसांना रोहित पक्षी दाखवून बघा, ते पाण्याकडं बघतेत, पक्ष्याकडं नाही.

ताडकळस_एक्सप्रेस

आमचं आजोळ त्यातलंच आहे सर.

बरं, अजून एक. जेट्टीवर आणि हॉटेलच्या पोर्चमध्ये छोट्या छोट्या पाकोळ्या घिरट्या घालायच्या, पोट पांढरं, पाठ निळसर काळी, एकदम पिटुकल्या. बायको म्हणाली ह्याच त्या ज्यांच्या घरट्याचं चीनमध्ये सूप करतात. तिला काय सांगू?

ज्वारीचं_कणीस

वहिनींना सांगा खानदान बरोबर आहे, पक्षी दुसरा. घराच्या छपराखाली, पोर्चमध्ये घरटं करते ती पांढऱ्या पोटाची, तिच्या घरट्यात गवत-काड्या मिसळलेल्या असतात म्हणून त्याला किंमत नाही. सूपवाली ती राखट तपकिरी, ती गुहेत राहते, घरटं निव्वळ लाळेचं. बाराटांगला चुनखडीच्या गुहा दाखवायला नेतात ना, त्या भागात आणि वर मायाबंदरकडच्या गुहांत आहेत. घरटी चोरून चोरून संपायला आली होती, मग वनखातं आणि सॅकॉन म्हणजे कोईमतूरची सलीम अली यांच्या नावाची संस्था, यांनी मिळून गुहांवर पहारा बसवला. आधी घरटी चोरणारेच लोक राखणीला ठेवले, हे मला लई आवडलं.

उदगीरचा_पाव्हणा

बाराटांगचा विषय निघाला म्हणून, तो रस्ता जारवा आदिवासींच्या राखीव जंगलातून जातो ना? तिथं गाडी थांबवून पक्षी बघता येतेत का? काकांना या वर्षी परत जायचंय, धनेश शोधायला.

नाथसागर

नाही आणि नाहीच. जिरकाटांगच्या नाक्यावर गाड्या अडवून ताफ्यानं सोडतात. मध्ये थांबायचं नाही, उतरायचं नाही, फोटो-व्हिडिओ काहीच नाही, पक्ष्याचा सुद्धा नाही. कॅमेरा बॅगेत. तिथं जारवा राहतात, ती त्यांची जागा आहे, आणि कायद्यानं शिक्षा आहे. काकांना हे नीट समजावा.

पक्ष्यांसाठी त्यांना चिडिया टापूला न्या, पोर्ट ब्लेअरहून तासाभराच्या आत, किंवा माउंट मणिपूरला. आणि लवकर न्या. आपलं घड्याळ तिथं चुकतं, डिसेंबरात पाचच्या सुमाराला सूर्य बुडतो. नऊला नाष्टा करून निघालं की पक्ष्यांची दुपार झालेली असते. पहाटे साडेपाचला झाडाखाली उभं राहायचं. बहुतेक टूरवाले हे करत नाहीत, त्यांच्या वेळापत्रकात सकाळ म्हणजे बुफे, वेगळं सांगून टॅक्सी ठरवावी लागते.

दुपारची_झोप

साडेपाच? सुट्टीत? माझा मुद्दा सिद्ध झाला.

गोदाकाठ

एक विचारायचं राहिलं. चिडिया टापूला दुसऱ्या एका ग्रुपचा गाईड मोबाईल आणि स्पीकरवरून पक्ष्याचा आवाज वाजवायला होता, पक्षी यावा म्हणून. आला पण, शामा होता म्हणे, पोट पांढरं आणि शेपटीखाली नारिंगी. पोरं खूष झाली, पण तो पक्षी एवढा कावराबावरा होऊन ह्या फांदीवरून त्या फांदीवर करायला होता की मला बरं वाटलं नाही. असं चालतं का?

बालाघाट

मी पण कधीमधी वाजवतो, एकदा दोनदा, आला की बंद. सगळे करतात.

नाथसागर

मी करत नाही. त्याला वाटतं दुसरा नर आपल्या हद्दीत घुसला, म्हणून तो भांडायला येतो. एकदा दोनदा म्हणता म्हणता रोजचे किती ग्रुप येतात ते बघा, त्याच झाडाखाली, तोच पक्षी. बालाघाट, यावर आपली आधी पण भांडणं झालीत, इथं नको.

ताई, आवाज नकोच, पक्षी दिसला की त्याच वेळी कागदावर चार ओळी लिहा. कुठं बसला होता, जमिनीवर, फांदीत का पाण्यात, चोचीचा आणि पायाचा रंग, एकटा का थवा, काय खात होता. पिसांचा रंग उजेडावर फसवतो, हे फसवत नाही. दुर्बीण घ्यायची असेल तर ८ बाय ४२ (आठपट झूम, ४२ मिमीचं भिंग) घ्या, त्याहून जास्त झूमची हातात थरथरते. फोटो किती पण वाईट असू द्या, पुसू नका, तुमचा हललेला सुतार बघा, पुरला की नाही. आणि जायच्या आधी ईबर्ड या पक्षी-नोंदींच्या वेबसाइटवर त्या जिल्ह्याची यादी उघडून नुसती वाचून जा, कुठल्या महिन्यात काय दिसतं ते पण त्यात आहे.

गोदाकाठ

दुर्बिणीचं सासऱ्यांच्या कानावर घातलंय. "नात्यात लग्न आहे मे मध्ये, त्याच्यानंतर बघू" असं उत्तर आलंय.

चाकूरची_चिमणी

सर्वांना नमस्कार, धागा पूर्ण वाचला. आम्ही फेब्रुवारीत लक्षद्वीपला चाललोय, तिथं पण असेच वेगळे वेगळे खास पक्षी असतात का? यादी कुठून सुरू करू?

नाथसागर

लक्षद्वीपचं गणित एकदम वेगळं. ती प्रवाळाची सपाट बेटं, डोंगर नाही, अंदमानासारखं जुनं दाट जंगल नाही, त्यामुळं सुतार-टकाचोर असलं काही शोधू नका. तिथं नजर पाण्यावर आणि किनाऱ्यावर ठेवा. सुरय, चिखलपक्षी, रीफ बगळे. पिट्टी म्हणून वाळूचं एक निर्मनुष्य बेट आहे, समुद्री सुरयांची हजारोंनी वीण तिथं होते, ते अभयारण्य आहे, तिथं उतरायचा आग्रह बोटवाल्याला करू नका.

बाकी सविस्तर लिहितो, पण नवा धागा काढा, हा अंदमानचा आहे. आणि परमिट लागतं, त्याला वेळ लागतो. आधी परमिट काढा, मग धागा.